खाली दुकान, वर बिऱ्हाड

लेखमाला : बांधू आपलं घर (भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण पाया आणि जोतं समजून घेतलं. आज जोत्याच्या वर येऊ, तेही भर बाजारपेठेत. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या म्हशासारख्या गावात रस्त्याला लागून असलेली जागा कुणी नुसत्या घरासाठी ठेवत नाही. खाली तीन-चार गाळे, वर आपलं बिऱ्हाड आणि ऐपत झाली की आणखी एक मजला भाड्याला, असा सरळ हिशेब असतो. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते, बैलबाजाराला गर्दी लोटते, तेव्हा रस्त्यावरच्या गाळ्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

हा बेत उत्तम आहे. मालकाचं लक्ष राहतं, दुकानं बंद झाली तरी पेठेला जाग राहते. पुण्याच्या पेठा आणि गिरगाव असेच वाढले. मुंबईच्या भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने साडेसोळा एकरांवर पुनर्विकास हाती घेतला, तिथेही सुमारे ३,२०० कुटुंबांबरोबर सुमारे १,२५० दुकानांची सोय करायची होती. व्याप कितीही असो, प्रश्न एकच : दुकानाला मोकळी जागा हवी, घराला भिंती हव्यात आणि दोघांचं वजन पेलणारे कॉलम मात्र तेच.

म्हणून नकाशा खालून वर काढायचा. गाळा अकरा-बारा फूट रुंद धरला, तर त्याच रेषांवर वरची खोली नीट बसते आणि प्रत्येक कॉलम पायापासून गच्चीपर्यंत सरळ जातो. होतं उलटंच. वरची खोली मोठी हवी म्हणून पहिला मजला रस्त्याकडे तीन-चार फूट बाहेर काढतात आणि बाहेर आलेल्या बीमच्या टोकावर नवा कॉलम उभा करतात. त्या कॉलमला खाली जमीनच नाही! असा तरंगता कॉलम कुणी सुचवला, तर ठाम नकार द्या.

दुसरा धोका शटरमागे असतो. वरच्या मजल्यावर विटांच्या भिंतींमुळे कॉलमना आधार मिळतो. खाली दर्शनी बाजूला नुसती शटरं, म्हणून तो मजला लवचीक आणि कमजोर राहतो. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खालचा मजला मोकळा ठेवलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. त्यानंतर २००२मध्ये आलेल्या भूकंपविषयक मानकात अशा मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बळ धरून आखण्याचा पर्याय दिला होता. जिन्याभोवती आणि समोरच्या बाजूलाही योग्य जागी आरसीसीच्या भिंती घेणं हा आणखी चांगला उपाय.

हे सगळं कागदावर राहू नये, म्हणून काँक्रीट ओतण्याआधी स्वतः सळया पाहा. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकांशी रिंगा दाट हव्यात, चार इंचांहून लांब नकोत. रिंगेची टोकं काटकोनात सोडलेली नकोत. ती १३५ अंशांत वळवून कॉलमच्या पोटात घातलेली हवीत. धक्का बसला की काटकोनातली टोकं उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. रिंगेचा हा वाक मिस्त्रीकडून तुमच्यासमोर करून घ्या.

वजनाचंही आधीच बोलून ठेवा. मानकानुसार राहत्या खोलीत चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, दुकानात ४००, गोदामात किमान ७५०. घरासाठी घातलेल्या स्लॅबवर उद्या खताची किंवा सिमेंटची पोती रचणं म्हणजे संकट ओढवून घेणं. वाढीव मजल्याचंही तसंच. तो चढवायचा असेल, तर पाया, कॉलम आणि परवानगी तिन्ही आजच त्याच्या हिशेबाने घ्या. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शिळफाट्याजवळ, ४ एप्रिल २०१३ रोजी भराभर मजले चढवलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली.

बाकीची पथ्यं थोडक्यात. घराचा जिना दुकानातून काढू नका. तो बाजूने, थेट उघड्यावर निघणारा ठेवा. खाली आग लागली तर वरच्यांना तोच वाट देईल. संडास-मोरी एकावर एक, मागच्या अंगाला घ्या आणि पाइप बाहेरून दुरुस्त करता येतील असे ठेवा, म्हणजे गाळेकऱ्याच्या मालावर गळती होणार नाही. आपल्याकडचा पाऊस तिरका मारतो, तेव्हा शटरवर खोल छज्जा हवाच.

गाळ्याचं भाडं दर महिन्याला मोजता येतं, कॉलमची ताकद मात्र एकदाच, बांधताना, ठरते. तिथे पैसा वाचवू नका. दोन गाळे एक करायला भिंत पाडणार असाल किंवा फर्निचरसाठी कॉलम तासणार असाल, तर आधी इंजिनिअरला बोलवा. हीच अट गाळेकऱ्याच्या भाडेकरारातही लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात : दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असताना मधल्या खोल्यांत उजेड आणि वारा कसा आणायचा.