कारवीचें रान

वनशोभा पाहावयास दहिसरकरांनीं महाबळेश्वरच गांठावें असें नाहीं. त्यांच्या गांवची नदी तुळशी तलावापासून ज्या रानांतून उतरते, तें सुमारें १०३ चौरस किलोमीटरांचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शेजारींच आहे. पावसाळ्याच्या अखेरीस बोरिवलीहून कान्हेरीच्या वाटेनें पायीं जावें. तेथील कारवी सात वर्षें मुकी राहते. आठव्या वर्षीं जांभळ्या फुलांनीं डवरते, बीं धरते आणि वाळून जाते. २०१६ नंतर ती २०२४ सालीं फुलली. आतां एकदम २०३२! तोंवर प्रस्तुत लेखकाची सत्तरी उलटलेली असेल. बहराच्या वर्षीं हौशी मंडळी तुरे खुडतात. पण त्यांतच पुढील पिढीचें बीं असतें, आणि त्या झाडास दुसरी संधि नाहीं. रान बिबट्यांचें आहे. तेव्हां दिवेलागणीपूर्वींच परतावें, आणि मुलांचे हात रिकामे आहेत ना, हें वडीलधाऱ्यांनीं पाहावें.