चित्रपटातली महाकाय मुंगी

लहानपणी केबलवर पाहिलेले जुने विज्ञानपट आम्हांला अजून आवडतात. 1954 सालचा ‘देम!’ हा अमेरिकी चित्रपट त्यांतलाच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात 1945 साली जगातली पहिली अणुचाचणी झाली. तिच्या किरणोत्सर्गामुळे मुंग्या माणसाहून मोठ्या झाल्या आणि माणसे मारू लागल्या, अशी कथा. आज त्या मुंग्या यांत्रिक बाहुल्या आहेत हे लगेच कळते. विज्ञान तर साफ चुकलेले. पण ‘खोटे आहे’ म्हणून हसून सोडून देणे आम्हांला पटत नाही. नेमके काय चुकले, हे शोधण्यात खरी गंमत आहे.

6 मिलिमीटरची मुंगी 2.4 मीटर लांब झाली असे समजू. लांबी 400 पट झाली. रुंदी आणि उंचीही तितकीच वाढली, तर आकारमान, आणि म्हणून वजन, 400 × 400 × 400 म्हणजे 6 कोटी 40 लाख पट होईल. पायाची मजबुती मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि ते वाढेल फक्त 1 लाख 60 हजार पट. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पूर्वीच्या 400 पट भार! मुंगी स्वतःच्या वजनाच्या दहा-वीस पट ओझे उचलते याचे आपल्याला कौतुक. पण इथे ते कसे पुरणार? हत्तीचे पाय खांबासारखे का, याचे उत्तरही यातच आहे. (हाडांच्या बाबतीत गॅलिलिओने हे 1638 सालीच मांडले होते.)

श्वासाची अडचण याहून मोठी. कीटकांना फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांपासून आत गेलेल्या बारीक नळ्यांतून प्राणवायू बऱ्याच अंशी विसरणाने पेशींपर्यंत पोचतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर 400 पट, तर वेळ 1 लाख 60 हजार पट. सैन्याने आगीचे फवारे घेऊन धावण्याची गरजच नव्हती!

सगळेच चुकीचे नाही हो. भीतीने वाचा गेलेल्या मुलीला फॉर्मिक आम्लाचा वास देताच ती किंचाळते, तिथे शास्त्रज्ञाला माग लागतो. हे आम्ल अनेक जातींच्या मुंग्यांत खरोखरच असते. पंख असलेल्या राण्या नवे वारूळ वसवायला उडून जातात, हेही खरे.

वर्गात शाडूचे 1 आणि 2 सेंटिमीटर बाजूचे घन करून पृष्ठफळ व वजन ताडून पाहता येईल. मग 1957 सालचा ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’ घ्यावा. त्यात माणूस लहान लहान होत जातो. मुलांनी हाच हिशेब उलटा करावा : त्याच्या अंगातली उष्णता टिकेल का? आणि तो टेबलावरून पडला, तर त्याला कितपत लागेल?