शिनिची आणि रान : ओठांवर न आलेलं प्रेम

ज्याची वाट पाहतोय, तोच रोज आपल्यासोबत जेवायला बसतोय आणि आपल्याला पत्ताच नाही! 'डिटेक्टिव्ह कोनान' या जपानी ॲनिमेतल्या रानची हीच गोष्ट.

गोशो आओयामा यांची ही चित्रकथा १९९४ मध्ये सुरू झाली, ॲनिमे १९९६ मध्ये आला. शिनिची आणि रान बालपणीचे मित्र. गुन्हेगारांनी पाजलेल्या विषामुळे शिनिची लहान मुलगा होतो आणि 'कोनान' बनून रानच्याच घरी राहतो. खरं कळलं तर तिच्या जिवाला धोका, म्हणून तो गप्प. आवाज बदलून फोन तेवढा करतो. रान मात्र सुरुवातीलाच या छोट्या कोनानला सांगून टाकते, की तिला शिनिची आवडतो!

पुढे औषधाने थोडा वेळ मोठा झालेला शिनिची लंडनमध्ये मनातलं बोलतो. ॲनिमेत त्यासाठी २०११ उजाडलं. रानचा होकार आला क्योटोच्या सहलीत, २०१९ मध्ये.

त्याचं मौन तिला जपण्यासाठीच आहे. पण त्या मौनाची किंमत वाट पाहून मोजते ती रान. तुमच्याही मनात कुणासाठी काही राहून गेलंय? मग आजच बोलून टाका.