क्रोमच्या खालचं काम

बंपर हातात आला की जाणकार कारागीर तो आधी उलटा करतो. पुढची बाजू गिऱ्हाईक दाखवतंच, मागची सहसा कुणी दाखवत नाही. पाणी, चिखल आणि मुंबईची खारी हवा मागेच साचते. तिथे प्लेटिंग मुळातच पातळ असतं आणि गंजाला बोल्टच्या भोकांपासून सुरुवात होते. कुर्ल्यात, जिथल्या कारखान्यातून एकेकाळी पद्मिनी गाड्या बाहेर पडत होत्या, त्याच भागातल्या एका गाळ्यात मी हे काम बघत बसलो होतो. समोर पद्मिनीचाच पुढचा बंपर होता. पुढून बरा, मागून पापुद्रे सुटलेला.

काळ्यापिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सीसेवेतून गेल्या. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा होती. आता उरल्यात त्या हौशी मालकांच्या, आणि त्यांना बंपर आरशासारखा हवा असतो. पण सगळं चकचकीत सामान क्रोमचं नसतं. गाळ्याचे उस्ताद खिशातून लोहचुंबक काढून एकेका तुकड्याला लावत जातात. बंपरला तो घट्ट चिकटतो, म्हणजे पोलाद. काचेभोवतीच्या चमकत्या पट्टीला चिकटत नाही. ती स्टेनलेस असेल तर पोचा मागून हलक्या हाताने ठोकून, वॉटर पेपरने घासून, बफ मारून काम भागतं, प्लेटिंगच्या टाकीत घालायचा प्रश्नच येत नाही. पट्टी वजनाला अगदीच हलकी लागली तर ती ॲल्युमिनियमची. तिच्यावर ॲनोडायझिंगचा पारदर्शक थर असेल तर तो कॉस्टिकने उतरवल्याशिवाय कितीही पॉलिश चोळा, फरक पडत नाही.

ज्याला आपण क्रोम म्हणतो तो थर अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीत असे शे-दीडशे थर सहज मावतील. एवढ्याशा थराने खड्डा भरत नाही की ओरखडा झाकत नाही. उलट खालचं सगळं तो चोख दाखवतो. आपल्याला दिसणारी चमक बरीचशी त्याखालच्या निकेलची असते, आणि निकेलची चमक त्याखालच्या घासलेल्या पोलादाची. क्रोम निकेलला पिवळं पडू देत नाही, त्याला निळसर झाक देतं आणि ओरखड्यांपासून वाचवतं. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात गाड्यांवर क्रोम आलं, त्याआधी निकेलच असायचं आणि ते सतत पुसत बसावं लागायचं.

म्हणून या गाळ्यातला बहुतेक वेळ टाकीपाशी जात नाही, बफच्या मोटरपाशी जातो. जुना थर उतरवल्यावर बंपर ओळखू येत नाही: राखाडी, डागाळलेला, गंजाने टोचे पडलेला. पोचे काढून झाले की खरखरीत पट्ट्यापासून सुरुवात होते, मग बारीक, त्याहून बारीक, शेवटी कापडी चाक आणि त्यावर लावायचा साबण. प्रत्येक टप्प्यावर आधीचे ओरखडे आडवे छेदायचे, म्हणजे कुठला राहिला ते दिसतं. चाकाखाली लोखंड तापतं, काळी धूळ उडते, नाकावरचा रुमाल तासाभरात काळा होतो. हाताखालचा मुलगा चाकावर बंपर दाबून धरतो तेव्हा धार कधीही वर येणार नाही अशी धरतो, कारण चाकाने धार पकडली तर अख्खा बंपर हातातून भिरकावला जातो. खोल टोचे घासून जात नाहीत. तिथे तांब्याचा जाड थर चढवायचा, तो घासून सपाट करायचा, पुन्हा चढवायचा. स्वस्तात काम करणारे हाच टप्पा गाळतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्याचा पत्ता लागतो. क्रोम स्वतः गंजत नाही. त्याच्या बारीक भेगांतून आणि निकेलच्या छिद्रांतून पाणी लोखंडापर्यंत पोचतं.

मग निकेलच्या टाकीत अर्धा तास किंवा जास्त, आणि क्रोमच्या टाकीत काही मिनिटं. टाकीतला द्राव गडद तांबूस असतो: लिटरला साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड आणि त्याच्या शंभराव्या भागाइतकं सल्फ्युरिक. दिलेल्या विजेपैकी फार तर पाचवा हिस्सा धातू बसवण्यात खर्च होतो, बाकीची मुख्यतः वायूचे बुडबुडे काढण्यात जाते. ते बुडबुडे फुटतात तेव्हा ॲसिडचा धूर उठतो. हे सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे. धूर ओढणारा पंखा आणि सांडपाण्याची प्रक्रिया नसेल तर तिथे काम देऊ नये, असं माझं मत आहे; थोडे पैसे वाचवून आपण तो धूर त्या मुलाच्या फुप्फुसात पाठवतो.

दाराची हँडलं मात्र उस्तादांनी परत केली. ती मझाकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची. त्यांना फोड आले की आतला धातू खाल्लेला असतो, आणि थर उतरवताना ॲसिड उरलेलाही खातं. सायनाइडच्या टाकीत तांबं चढवून ती वाचवता येतात, पण तो खर्च ऐकून गाडीचा मालक चोरबाजारात चांगली जोडी शोधायला तयार झाला.

पुष्कळ बंपरना या सगळ्याची गरजच नसते. वरवरचे तांबूस ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासले की निघतात. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. संडास धुवायचं ॲसिड मात्र काही जण हौसेने वापरतात. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड गंजाबरोबर क्रोमही विरघळवतं, आणि खालचं पिवळसर निकेल उघडं पडतं. उस्तादांकडे असे बंपर नेमाने येतात. तयार बंपर देताना ते गिऱ्हाईकाला पॉलिशची डबी सुचवत नाहीत. साधं पाणी, कोरडं फडकं आणि मागच्या बाजूला मेणाचा जाड हात एवढंच सांगतात, आणि मागची बाजू दाखवायला बंपर पुन्हा उलटा करतात.