तेलाखाली वाढणारा गंज

२०१८च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पालेमबांगला २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या नेमबाजाची ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. निकाल शूट-ऑफवर गेला, तोही एकदा नव्हे, दोनदा. या फेरीत एका मालिकेत पाच गोळ्या असतात. लक्ष्य तीन सेकंदांपुरतं खुलं होतं, तेवढ्यात हात वर करून एकच गोळी झाडायची, मग सात सेकंद थांबायचं. दोन गोळ्यांच्या मधे रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, नवं काडतूस चेंबरमध्ये बसवणं, घोडा पुन्हा चढवणं ही सगळी कामं पिस्तूल आपलं आपण करतं. त्यासाठी त्याला ऊर्जा मिळते किती, हे एकदा मोजून बघण्यासारखं आहे.

इथे पॉइंट २२चं काडतूस वापरतात. त्यातली शिशाची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर. म्हणजे गोळीच्या वाट्याला १३० जूलच्या आसपास ऊर्जा येते. गोळी पुढे सुटते तेव्हा मागच्या सरकत्या बोल्टला तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. बोल्ट पाव किलोचा धरला, तर त्याचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वातीन मीटर भरतो आणि ऊर्जा दीड जूलच्याही आत येते. गोळीच्या ऊर्जेचा फक्त शंभरावा हिस्सा! एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पुंगळी ओढून काढायची, स्प्रिंग दाबायची, घोडा मागे न्यायचा आणि परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलायचं. घर्षणाने यातला मोठा वाटा खाल्ला की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. पिस्तूल साफ ठेवायचं ते यासाठी. चकचकीत दिसण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

पॉइंट २२चं काडतूस मुळातच घाण करणारं. गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ लेप असतो. त्यात शिशाचा कीस, अर्धवट जळलेल्या दारूचे कण आणि काजळी मिसळून एक चिवट काळा लगदा होतो. तो बोल्टच्या तोंडावर, पुंगळी ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आणि चेंबरच्या काठावर साचतो. यातला काठावरचा थर सर्वांत फसवा. या काडतुसात प्रायमरचा, म्हणजे ठोक्याने पेटणारा, मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर चिमटते आणि ठिणगी पडते. काठावर लगद्याचं कडं झालं असेल तर काडतूस केसभर बाहेरच राहतं. पिनचा पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो. गोळी सुटत नाही आणि नेमबाज दोष देतो काडतुसाला. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, तर आधी चेंबरचा काठ तपासावा.

गंजाची गोष्ट याहून वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदूकवाले एका कोड्याने हैराण होते. नळी घासूनपुसून, तेल लावून ठेवली तरी काही दिवसांत आतून गंजायची. संशय होता धूररहित दारूतून निघणाऱ्या आम्लांवर. १९२२ साली अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने विल्बर्ट हफ यांचा तेलाच्या थराखालच्या गंजावरचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि खरा गुन्हेगार सापडला. तो प्रायमरमध्ये होता. प्रायमरमधलं पोटॅशियम क्लोरेट ऑक्सिजन देऊन मोकळं झालं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचं सख्खं भावंड. ते तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल चोपडा, क्षार खाली तसाच राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८४ टक्क्यांच्या वर गेली की तो पाणी ओढून घेतो आणि पोलाद खायला लागतो. कोकणात तर पावसाळाभर हवा या रेषेच्या आसपास किंवा वरच असते.

उपाय होता साधं पाणी. पॉइंट ३०३ रायफलीच्या काळात ब्रिटिश सैनिक नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतत. क्षार विरघळून जाई आणि तापलेली नळी आपोआप सुके. तेल त्यानंतर. मला या सगळ्यात ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण पोलादाला पाणी लावायचं नाही हा आपला ठाम समज इथे उलटा पडतो. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिशाच्या स्टिफनेट या संयुगावर आधारलेले, क्षार न सोडणारे प्रायमर जर्मनीत बाजारात आले. आज दुकानात मिळणारी बहुतेक काडतुसं त्याच जातीची असतात. जुन्या लष्करी साठ्यातली मात्र अजूनही खात्रीची नाहीत.

तरीही क्षार दुसऱ्या वाटेने येतातच. घामात मीठ असतं. घामट हाताने धरलेल्या पिस्तुलावर एका रात्रीत बोटाच्या ठशाच्या आकाराचा तांबूस डाग उठू शकतो. चामड्याचं होल्स्टर ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेली रसायनंही त्यात असतात. त्यामुळे ते कमरेला लावायला चांगलं, शस्त्र ठेवायला वाईट. निवडणुकीच्या आचारसंहितेत अनेक परवानाधारकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहतात. जमा करताना रिव्हॉल्वर होल्स्टरमधून काढून, तेलाचा हलका हात फिरवून द्यावं.

हलकाच हात. जादा तेल धूळ आणि दारूचे कण धरून त्याचा लगदा करतं, म्हणजे पुन्हा घर्षण. ते काडतुसाच्या प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस निकामी होऊ शकतं. स्लाइडच्या खाचांना एकेक थेंब पुरतो. फायरिंग पिनची वाट कोरडी हवी आणि झाडण्यापूर्वी नळीतलं तेल पुसून काढावं.

साफसफाईला बसण्याआधी मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत. नळीत चिंदी चेंबरकडून तोंडाकडे ओढावी. रिव्हॉल्वरला ती सोय नाही, तिथे तोंडाकडूनच गज घालावा लागतो. तेव्हा गज तोंडाच्या कडेला घासू देऊ नये, कारण गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो आणि ती एका बाजूला झिजली की नेम बिघडतो. तांब्याचं कवच असलेल्या गोळ्या वापरल्या असतील तर अमोनियायुक्त द्रावणाने चिंदी निळी होते, ते नळीतलं तांबं. ब्रश ब्राँझचा असेल तर त्याचंही तांबं विरघळून निळं येतं आणि माणूस स्वच्छ नळी घासत बसतो. स्पर्धेतले कित्येक नेमबाज पॉइंट २२ची नळी क्वचितच घासतात, कारण घासल्यावर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र ते सोडत नाहीत. मला हा क्रम पटतो.

प्रायमर आणि गोळी दोन्हींत शिसं असल्याने हे काम खिडकी उघडी ठेवून, लहान मुलांपासून दूर करावं. मधे चहा-बिस्किटं नकोत. नंतर साबणाने हात धुवावेत.

आणि एका दुखण्यावर घासणं चालत नाही. पॉइंट २२चं पिस्तूल रिकामं असताना सारखा चाप ओढला, तर काही बनावटींत फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे बारीक ठेच पडते. पुंगळी तिथेच अडकू लागते. नखाने ती ठेच जाणवते. ती जाणवली की ब्रश खाली ठेवून पिस्तूल जाणत्या आर्मोररकडे न्यावं.