फुल रेसला होडीचं इंजिन गचके देतंय? कार्बोरेटर उघडण्याआधी बल्ब दाबून बघा

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली की होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. दोन महिने ताडपत्रीखाली ठेवलेलं आउटबोर्ड इंजिन दोन-चार ओढीत सुरू होतं, खाडीत हळू चालवलं तर तक्रार नसते. मोकळ्या पाण्यात जाऊन फुल रेस दिली की मात्र नाटकं सुरू होतात. आवाज चढतो, अचानक बसतो, पुन्हा चढतो, पुन्हा बसतो. रेस कमी केली की सगळं ठीक. मग 'चालतंय तर चालू दे' म्हणून तेच इंजिन आठवडाभर तसंच पळवलं जातं.

हे चालवून घेणं महागात पडतं. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये पिस्टनला लागणारं ऑइल बहुतेक वेळा पेट्रोलमध्ये मिसळूनच जातं. पेट्रोल कमी पोचलं तर ऑइलही कमी पोचतं, आणि तेही इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असताना. पिस्टन तापतो, सिलिंडरला घासतो, कधी जागेवर जाम होतो. पाइप बदलून सुटणारं काम बोअरिंगपर्यंत जातं. दुसरा धोका जिवाचा आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा खाडीच्या तोंडावर लाटा फुटतात आणि नेमका तिथेच इंजिनाचा जोर लागतो. तिथं इंजिन बसलं तर होडी लाटेला आडवी होते.

पहिल्यांदा एक फरक ओळखायचा. आवाज खाली बसतो तेव्हा होडीचा वेगही पडतो का? पडत असेल तर इंजिनाला इंधन कमी पडतंय, किंवा एखादा प्लग मध्येच काम सोडतोय. पण आवाज एकदम किंचाळल्यासारखा वाढतो आणि होडी मात्र पुढे जोर धरत नाही, असं असेल तर दोष पंख्याकडे आहे. पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो, म्हणजे इंजिन मागच्या फळीवर जास्त उंच बसलंय, नाहीतर सगळं वजन नाळेकडे गेल्यामुळे मागची बाजू उचलली जातेय. पंख्याच्या वरची आडवी चपटी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या रेषेत असावी लागते. पंख्यात जाळ्याचा दोरा अडकलाय का, पातं वाकलंय का, हेही बघावं. पंख्याच्या आतलं रबर निसटत असेल तर बाहेरून काही दिसत नाही. त्यासाठी इंजिन बंद करून, आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारायची. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर रबर गेलं.

बहुतेक वेळा मात्र भानगड इंधनाचीच असते. ती शोधायला पाइपमधला रबरी बल्ब पुरतो. सोबत दुसरा माणूस घ्या, मोकळ्या पाण्यात फुल रेस द्या आणि गचके सुरू झाले की त्याला बल्ब दाबत राहायला सांगा.

बल्ब हातात येतो तेव्हा तो चपटा, आत ओढलेला असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही, दहा-पंधरा मिनिटं इंजिन छान चालतं आणि मग पेट्रोल ओढायला जड जातं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालतं, त्यामुळे माणूस चकतो. हवेचा स्क्रू उघडा असेल तर टाकीतल्या नळीची जाळी कचऱ्याने भरली असेल. जुन्या पाइपचा आतला थर सुटून पाइप आतल्या आत मिटतो, हेही होतं. बाहेरून पाइप नवा दिसतो.

बल्ब दाबत राहिलं की इंजिन सरळ चालतं, सोडलं की पुन्हा गचके, असं असेल तर इंजिनावरचा पेट्रोल पंप कमी पडतोय किंवा पाइपमध्ये कुठून तरी हवा शिरतेय. पंपातला पातळ पडदा फाटतो किंवा कडक होतो, त्याचा किट मिळतो. हवेचं दुखणं जरा फसवं आहे. इंजिन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपमध्ये ओढ असते, त्यामुळे चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून 'कुठे ओलं नाही, पाइप चांगलाय' हा हिशेब चुकतो. इंजिनाला लागणाऱ्या कपलिंगमधली छोटी रबरी रिंग, क्लॅम्प आणि बल्बची दोन्ही टोकं तपासा. पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा तात्पुरता मध्ये जोडला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सगळ्यात सोपं म्हणजे शेजारच्या होडीची टाकी आणि पाइप तासभर मागून लावणं. गचके गेले तर इंजिन उघडायची गरजच नाही.

बल्ब भरलेला आहे, दाबूनही फरक पडत नाही, तेव्हा कुठे कार्बोरेटर आणि प्लगकडे वळायचं. चोक असेल तर फुल रेसला तो किंचित ओढून बघा. तेवढ्याने इंजिन सुधारलं तर आत पेट्रोल कमी जातंय, मुख्य जेट तुंबलंय. हळू चालताना वेगळ्या बारीक वाटेने पेट्रोल येतं, म्हणून तिथे तक्रार नसते. जेट तारेने टोकरायची सवय वाईट. भोक मोठं झालं की माप कायमचं बिघडतं. क्लीनरचा फवारा आणि हवेने साफ करावं. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोक मोटारीत टाकी ते बल्ब ही तपासणी तीच, पुढचं काम जाणकार मेकॅनिकचं. आणि बीप वाजून इंजिन आपोआप मंदावत असेल तर तो गचका नाही. तापलंय किंवा ऑइल कमी आहे म्हणून ते स्वतःला वाचवतंय. पाण्याची धार पडते का बघा आणि रेस देऊ नका.

पावसाळ्यानंतर हा त्रास वाढण्याचं कारण टाकीतलं जुनं पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी टाकी दोन महिने पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसू शकतं, आणि पेट्रोल ओढणारी नळी तळाशीच असते. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी रिकामी करावी लागेल. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब.

समुद्रात असतानाच गचके सुरू झाले तर रेस निम्म्यावर आणा, एकाने बल्ब दाबत राहावं आणि हळूहळू आत यावं. खाडीचं तोंड ओलांडण्याआधी नांगर आणि वल्ही हाताशी घ्या. ओहोटीचा जोर असेल तर बाहेरच नांगर टाकून दुसऱ्या होडीला बोलावलेलं बरं.

पुढच्या बंदीआधी, कार्बोरेटरवालं इंजिन पाण्यात असतानाच पाइप काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत हळू चालवायचं, म्हणजे जेटमध्ये पेट्रोल सुकून चिकटत नाही. कोरड्यावर हे करू नये, पाणी फेकणाऱ्या पंपाचं रबर काही क्षणांत जळतं.