फोटोतली वायर पुसायची का?

मुलांनो, वरसाव्याचा नाका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता इथे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, आणि मग वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडायला गाड्यांची ही भलीमोठी रांग! गाडी अडकली, की मागच्या सीटवरची मंडळी काय करतात? मोबाइल काढतात आणि फोटो काढत सुटतात. तसं दृश्यही छानच आहे. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, पुढे खाडी, काठाला तिवरांची झाडी. जवळच घोडबंदरचा किल्ला. १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तोच हा.

पण घरी येऊन फोटो पाहावा, तर सगळं पांढुरकं! जणू कुणी फोटोवर पावडर उडवली आहे. खाडी एका बाजूला कललेली. आणि आभाळाच्या अगदी मधोमध एक विजेची वायर.

अशा वेळी घरातली ताई किंवा दादा म्हणतो, "आण इकडे, एडिट करून देतो." हे एडिट करणं म्हणजे नेमकं काय, ते आज पाहू. कुठलं बटण कुठं आहे, हे कुणीही दाखवील. बटण दाबल्यावर आत काय घडतं ते एकदा कळलं, की कुठलंही सॉफ्टवेअर हातात द्या, अडत नाही. आणि त्या वायरचं काय करायचं, हेही आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी एक गोष्ट आईबाबांसाठी. फोटोशॉप हे या क्षेत्रातलं सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर पैसे भरून घ्यावं लागतं. शिकायला त्याची गरज नाही, आणि चोरीची प्रत आणायची तर मुळीच गरज नाही. 'गिंप' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही अगदी कायदेशीर. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये बनवायला घेतलं. घरी संगणक नसेल तर मोबाइलवर स्नॅपसीड आहे. पुढच्या बऱ्याचशा गोष्टी त्यातही करून पाहता येतील.

आकड्यांची वही

संगणकाला तुमची खाडी दिसत नाही, टेकडी दिसत नाही. त्याला दिसतात फक्त आकडे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके, एकूण १ कोटी २० लाख! यातल्या प्रत्येक ठिपक्यापाशी तीन आकडे लिहिलेले असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या मधला. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. २५६ ला २५६ ने गुणा, पुन्हा २५६ ने गुणा. उत्तर १,६७,७७,२१६ येईल. एवढे रंग त्या तीन आकड्यांतून तयार होऊ शकतात.

मग फोटो पांढुरका का दिसला? हवेतली धूळ, धूर आणि पाण्याचे बारीक कण उजेड इकडेतिकडे उधळतात. तो उधळलेला उजेड कॅमेऱ्यात शिरतो आणि लांबच्या प्रत्येक वस्तूवर थोडा थोडा चढतो. जी झाडी काळीभोर दिसायला हवी, तिचा आकडा ० च्या जवळ असायचा तो ७० वर जाऊन बसतो. तिकडे ढगही पुरते पांढरे नसतात, २०० पर्यंतच पोहोचलेले असतात. म्हणजे सगळा फोटो ७० ते २०० यांच्या मध्ये गर्दी करून बसला आहे, आणि दोन्ही बाजूंची जागा मोकळी!

ही गर्दी डोळ्यांनी पाहायची असेल तर 'हिस्टोग्राम' उघडा. हा एक आलेख असतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि कुठल्या आकड्याचे किती ठिपके आहेत त्याप्रमाणे उंची. आपल्या फोटोत सगळा डोंगर मधेच दिसेल. आता 'लेव्हल्स' नावाचं साधन घ्या. त्यातलं डावं टोक डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणा, उजवं टोक उजव्या पायथ्याशी. चटकन धुरळा निवळल्यासारखा दिसतो.

ही जादू वाटते ना? पण हे गणित पाचवी-सहावीचंच आहे. ७० चा ० करायचा, २०० चा २५५. मधल्या कुठल्याही आकड्यातून ७० वजा करा, २५५ ने गुणा आणि १३० ने भागा. समजा एका ठिपक्याचा आकडा १०० आहे. वजाबाकी ३०. गुणून भागलं की आले साधारण ५९. दुसऱ्याचा १३५ असेल तर १२८. हे दोन ठिपके आधी ३५ ने लांब होते, आता ६९ ने. फरक वाढला म्हणून फोटोला उठाव आला. कॅल्क्युलेटर घेऊन आणखी चार-पाच आकडे करून बघा.

यात एक मेख आहे बरं का! ७० ते २०० मध्ये एकूण १३१ छटा होत्या. त्या २५६ घरांत पसरल्या, म्हणजे १२५ घरं रिकामीच राहिली. फार ताणलं तर आभाळात पट्टे दिसू लागतात, ते यामुळे. आणि फोटो काढतानाच ढग २५५ ला जाऊन चिकटले असतील, तर तिथे ढगांचा आकार नोंदलाच गेलेला नसतो. जे वहीत लिहिलंच नाही, ते सॉफ्टवेअर वाचणार कुठून? म्हणून कडक उन्हात फोटो थोडा काळपट आलेला परवडतो, पांढराफटक नको.

रंगांचंही असंच. पिवळ्या दिव्याखाली शाळेचा पांढरा शर्ट पिवळट येतो. त्याचे आकडे समजा लाल २४०, हिरवा २२०, निळा १७०. तुम्ही शर्टावर टिचकी मारून सांगायचं, "हा पांढरा आहे." मग तिन्ही आकडे सारखे व्हावेत म्हणून सॉफ्टवेअर निळ्याला साधारण १.२९ ने गुणतं, लालला ०.९२ ने. आणि फक्त शर्टापुरतं नव्हे, फोटोतल्या सगळ्याच ठिपक्यांना हाच हिशेब लावतं. संध्याकाळच्या फोटोला मात्र हे करू नका. सोनेरी संध्याकाळीची रटाळ दुपार होऊन बसते!

कललेली खाडी सरळ करणं तर अगदीच सोपं. फोटो फिरवायचा आणि चारही कोपरे कापायचे. म्हणून फोटो काढताना कडेला थोडी जागा सोडावी.

अंधाऱ्या खोलीतली मंडळी

हे सगळं संगणकानं आणलं असं वाटत असेल, तर आजी-आजोबांचा जुना अल्बम मागून घ्या. त्यात एखादा काळा-पांढरा फोटो नंतर हातानं रंगवलेला सापडेल. गालांवर गुलाबी, साडीवर हिरवा. स्टुडिओतले कारागीर काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करून सुरकुत्या नाहीशा करायचे. डार्करूममध्ये कागदावर उजेड पाडताना, जो भाग उजळ हवा त्याच्यावर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरायची. तिथे उजेड कमी पडायचा, म्हणून कागद कमी काळा व्हायचा. जो भाग गडद हवा, त्याच्यावर मुठीच्या फटीतून जादा उजेड सोडायचा. फोटोशॉपमध्ये 'डॉज' आणि 'बर्न' अशी दोन साधनं आहेत. त्यांची चित्रं नीट पाहा. एक काडीवरची चकती, दुसरी वळलेली मूठ!

फोटोची धार वाढवणाऱ्या साधनाचं नाव तर गमतीचं आहे. 'अनशार्प मास्क', म्हणजे धार नसलेला मुखवटा. डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट प्रत काढून ती मूळ निगेटिव्हवर ठेवत, आणि त्यामुळे कडा उठून दिसत. संगणकही तेच करतो. फोटोची अस्पष्ट प्रत मनातल्या मनात काढतो, दोन्हींतला फरक शोधतो आणि तो मूळ फोटोत मिळवतो.

आपल्याकडे या युक्त्यांचा गुरू शोधायचा तर त्र्यंबकेश्वरला जावं लागेल. १८७० मध्ये तिथे जन्मलेले धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण त्याआधी ते चित्रकला शिकले, छायाचित्रकार झाले, ठसे आणि रंगीत छपाईचं काम त्यांनी केलं. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच नटानं केली. त्या काळी एकच माणूस एका चौकटीत दोनदा दाखवायचा असेल, तर कॅमेऱ्याच्या भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकत. चित्रण करत. मग फिल्म उलटी गुंडाळून घेत, पुठ्ठा दुसऱ्या अर्ध्या भागावर लावत आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करत. हात जरा चुकला की सगळंच वाया!

हा काळा पुठ्ठा ध्यानात ठेवा, कारण एडिटिंगमधली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. 'लेअर' म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद. बदल त्या कागदावर करायचे, खालचा फोटो अबाधित. आणि 'लेअर मास्क' म्हणजे त्या कागदावरचा पुठ्ठा. मास्कवर काळा रंग दिला की तेवढा भाग झाकतो, पांढरा दिला की उघडतो. आभाळ गडद करायचं आणि किल्ला तसाच ठेवायचा, तर गडद केलेल्या लेअरच्या मास्कवर किल्ल्याच्या जागी काळा ब्रश फिरवा. चुकलं तर पांढरा ब्रश घेऊन परत उघडा. फाळक्यांना ही सोय नव्हती. फोटोशॉपमध्येही लेअर आले ते १९९४ मध्ये.

फोटोशॉपची सुरुवात झाली ती दोन भावांमुळे. थॉमस नोल अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात संशोधन करत होता. त्याच्या संगणकाच्या पडद्याला फक्त काळा आणि पांढरा कळे. म्हणून १९८७ मध्ये त्यानं करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन 'स्टार वॉर्स'ची दृश्यं तयार करणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्यानं थॉमसच्या मागे लागून तो वाढवून घेतला. लोकांना काम दाखवायला जॉननं एक फोटो वापरला. त्याची होणारी बायको जेनिफर समुद्रकिनारी पाठमोरी बसली आहे, समोर बेट. बघणाऱ्यांसमोर तो त्या फोटोत फेरफार करून दाखवी, आणि लोक थक्क होत. फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीनं हे सॉफ्टवेअर फोटोशॉप म्हणून बाजारात आणलं.

आता ती वायर

वायर पुसायला 'क्लोन' हे साधन आहे. वायरच्या शेजारच्या आभाळावर जाऊन गिंपमध्ये कंट्रोल (फोटोशॉपमध्ये ऑल्ट) दाबून टिचकी मारा. मग वायरवर ब्रश फिरवा. शेजारचे आकडे उचलून वायरच्या जागी लिहिले जातात, आणि वायर गायब! पाच मिनिटांचं काम.

करायचं का पण? दोन हकिकती ऐका. अमेरिकेतल्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर इजिप्तच्या पिरॅमिडचा फोटो होता. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. बसेना. तेव्हा संगणकावर दोन पिरॅमिड थोडे जवळ सरकवले. वाचकांना कळलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. हजारो वर्षं जागचं न हललेलं मासिकवाल्यांनी हलवलं!

दुसरी हकिकत २०१० ची. 'वर्ल्ड प्रेस फोटो' या बातमी-छायाचित्रांच्या स्पर्धेत एका छायाचित्रकाराचं बक्षीस परत घेतलं गेलं. त्यानं एक फोटो भरपूर कापला होता, रंगीत होता तो काळा-पांढरा केला होता, कडा गडद केल्या होत्या. परीक्षकांची त्याला हरकत नव्हती. हरकत कशाला होती? मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पायाचा छोटासा तुकडा मध्ये दिसत होता, तो त्यानं पुसला होता.

मला हा निर्णय पटतो. उजेड कमी-जास्त केला तरी तिथे काय होतं ते तसंच राहतं. पाय पुसला की तिथे एक माणूस कमी होतो. वाढदिवसाच्या कार्डावर किल्ला छापायचा असेल तर वायर खुशाल पुसा. पण तोच फोटो शाळेच्या प्रकल्पात 'घोडबंदरचा परिसर' म्हणून लावणार असाल, तर वायर राहू द्या. वरसाव्याजवळ खाडीवरचा नवा पूल २०२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला. काम चालू असतानाच्या एखाद्या फोटोत क्रेन आणि अर्धवट खांब असतील, तर तेव्हा ते डोळ्यांत खुपलेच असतील. आज त्या क्रेनवरूनच फोटो केव्हाचा ते सांगता येतं.

आणि माणसांच्या चेहऱ्यांबद्दल तर जास्तच जपायला हवं. काही अ‍ॅप न विचारताच चेहरा गोरा करून टाकतात. तुमच्या मैत्रिणीचा रंग 'दुरुस्त' करायला तो बिघडला होता कुठे? तिचा फोटो बदलायचा तर आधी तिला विचारा.

दुसऱ्यांनी केलेले फेरफार ओळखायचा खेळही मजेदार आहे. क्लोन केलेल्या फोटोत बहुधा जुळी सापडतात. अगदी सारखे दोन ढग, एकाच आकाराचे दोन दगड. सावल्या पाहा. एकाची डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली असेल, तर दोघं वेगवेगळ्या फोटोंतून आलेले असू शकतात. पाण्यातलं प्रतिबिंब पाहा, वरची वस्तू पुसणारे ते पुसायला विसरतात.

एक शेवटची सूचना, कामाला हात घालण्याआधीची. फोटो 'जेपीजी' प्रकारात असतो. तो बदलून पुन्हा साठवला, की जागा वाचवण्यासाठी दर वेळी थोडा तपशील गाळला जातो. म्हणून आधी प्रत काढा, काम प्रतीवर करा आणि ती गिंपच्या 'एक्ससीएफ' प्रकारात ठेवा, म्हणजे सगळे लेअर सुटे राहतात. प्रतीचं नाव 'खाडी-२' ठेवा. मूळ 'खाडी' पांढुरकी, कललेली, वायरसकट तशीच असू द्या.